स्मार्टवॉच झोप चुकीची का दाखवतं, आणि कुठला आकडा धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरचे एक गृहस्थ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत फिरत्या पाळीवर आहेत. तिसऱ्या पाळीनंतर दिवसा घेतलेली झोप घड्याळ धरतच नाही. उलट रात्री मोबाईल बघत पडलेला तासभर झोपेत जमा होतो. गाढ झोप कधी २० मिनिटं, कधी दोन तास. एका रात्री ऑक्सिजन ८७ दाखवला. तालमीत जोर मारताना नाडी ९० च्या वर जात नाही आणि रंकाळा तलावाकाठी पळायला लागलं की पहिल्याच मिनिटाला १७०. आईंसाठी घेतलेलं दुसरं, स्वस्तातलं घड्याळ त्यांच्या हातावर धड चालत नाही, आणि त्यावरचं बीपी कायम १२०/८० च्या आसपास. घड्याळ खराब आहे का?

बहुधा नाही. आईंच्या घड्याळाबद्दल मात्र शंका आहे, तिकडे नंतर येतो.

मनगटावरचं घड्याळ मुळात दोनच गोष्टी मोजतं. हात किती हलला, आणि कातडीत सोडलेला उजेड किती परत आला. महागड्या मॉडेलमध्ये कातडीचं तापमान आणि ईसीजीची भर असते, एवढंच. झोपेचे टप्पे, ताण, स्कोअर, कॅलरी हे सगळं या मोजमापांवर चढवलेलं गणित आहे. आकडा मूळ मोजमापापासून जितका लांबचा, तितका त्यावर भरवसा कमी ठेवायचा. शांत बसलेल्या माणसाची नाडी हा सगळ्यात जवळचा आकडा, म्हणून तो बहुतेक चांगल्या घड्याळात बरोबर येतो. गाढ झोपेची मिनिटं हा फार लांबचा आकडा आहे.

झोपेचंच आधी बघू. झोपेच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावतात, मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण नोंदवतात आणि मग दर ३० सेकंदांच्या तुकड्याला टप्पा ठरवतात. घड्याळाला मेंदू दिसत नाही. हात स्थिर आहे, ठोके खाली आलेत आणि ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर अमुक पद्धतीने बदलतंय, यावरून ते अंदाज बांधतं. झोपलेल्या माणसाला झोपलेला म्हणणं त्याला चांगलं जमतं. जागा असून निपचित पडलेल्या माणसाला जागा म्हणणं जमत नाही. तुमचा मोबाईलवाला तास म्हणूनच हलक्या झोपेत जातो. एक कूस, छातीवर मोबाईल, हलतोय फक्त अंगठा, आणि तोही घड्याळ नसलेल्या हाताचा. घड्याळाच्या लेखी हा माणूस झोपलेला आहे. निद्रानाश असणाऱ्यांची फसगत इथेच होते. तासन्‌तास डोळे मिटून जागे राहिलेल्यांना सकाळी ‘सात तास झोप’ असं बक्षीस मिळतं.

उपाय साधा आहे. मोबाईल खाली ठेवला की मगच घड्याळावर स्लीप मोड लावायचा, अंथरुणावर पडल्या पडल्या लावायचा नाही. आणि एक आठवडा उशाशी वही ठेवा. दिवा कधी घालवला, अंदाजे कधी डोळा लागला, मध्ये किती वेळा उठलात, शेवटी कधी उठलात, एवढंच सकाळी लिहा. रात्री घड्याळ बघून लिहू नका, त्यानेच झोप उडते. आठवड्याने फक्त झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि एकूण तास ताडून बघा. वीस-तीस मिनिटांचा फरक असेल तर घड्याळ त्याचं काम नीट करतंय. रोज तास-दीड तास जास्त दाखवत असेल, तर एकूण तासांसाठी वही धरा आणि घड्याळ उठण्या-निजण्याची नियमितता बघायला ठेवा.

गाढ झोपेचे टप्पे रोजच्या रोज बघण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसात गाढ झोप एकूण झोपेच्या साधारण १० ते २० टक्के असते आणि वयाप्रमाणे घटते. रेम म्हणजे स्वप्नांची झोप २० ते २५ टक्के. गाढ झोपेचा बहुतेक वाटा रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येतो, रेम पहाटेकडे वाढत जातं. यावरून घड्याळाची एक झटपट परीक्षा करता येते. रात्री ११ ला झोपणाऱ्या माणसाला रोज पहाटे पाचला गाढ झोपेचा मोठा पट्टा दाखवत असेल, तर ते घड्याळ टप्पे नुसते रंगवतंय असं समजा. २० मिनिटांवरून दोन तासांवर उडी बऱ्याचदा पट्टा सैल असल्याने पडते. नाडीचा सिग्नल तुटला की गणिताला फक्त हालचाल उरते आणि स्थिर हात म्हणजे गाढ झोप असा सरळ हिशोब होतो. फिटबिटसारख्या घड्याळांना टप्पे काढायला सलग तीन तास तरी झोप लागते. त्याहून कमी झाली की नुसती झोप-जाग दिसते, टप्पे नाहीत. तो बिघाड नव्हे.

आता पाळीचा मुद्दा. बरीच घड्याळं, विशेषतः स्वस्तातली, संध्याकाळ ते सकाळ एवढ्याच पट्ट्यात झोप शोधतात. तिसरी पाळी करून सकाळी आठला झोपलेला माणूस त्यांच्या हिशोबात नाहीच. काही घड्याळं दिवसा झोप धरतात, पण २४ तासांतला सगळ्यात लांब तुकडा मुख्य झोप म्हणून घेतात आणि संध्याकाळचे दोन तास डुलकीत टाकतात किंवा सोडून देतात. म्हणजे तुम्ही पाच अधिक दोन असे सात तास झोपलेले असता आणि स्कोअर पाच तासांचा लागतो.

ॲपमध्ये झोपेचं वेळापत्रक असेल तर पाळी बदलली की त्याच दिवशी तेही बदला: तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी ८ ते दुपारी ३, असं. मग एका दिवशी सलग चार तास दिवसा झोपून नोंद होते का ते बघा. तरीही कोरं राहिलं तर ती त्या मॉडेलची मर्यादा आहे. मग झोप हाताने नोंदवायची सोय ॲपमध्ये शोधा, बऱ्याच ॲपमध्ये ती असते. घड्याळाला फसवायला फोनचा टाइमझोन बदलायची युक्ती कोणी सांगेल, ती करू नका. पावलं, नाडी आणि झोप तिन्हींच्या तारखा अशा गुंततात की नंतर सुटत नाहीत. आणि फिरत्या पाळीच्या आठवड्यात झोपेचा स्कोअर बघूच नका. त्यात झोपेच्या वेळेच्या नियमिततेलाही गुण असतात, आणि ती तुमच्या हातात नाही.

झोपेची नोंदच गायब होत असेल तर घड्याळाच्या आधी फोनवर संशय घ्या. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो या फोनमध्ये बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद पाडली जातात. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरी पानावर जाऊन ‘निर्बंध नाही’ निवडा, ऑटोस्टार्ट चालू करा आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्या ॲपला कुलूप लावा. घड्याळ फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडू नका, ॲपमधूनच जोडा. एकाच घड्याळाला दोन ॲप लावली असतील तर एक काढून टाका. रात्री बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली असेल तर झोपण्याआधी चार्ज करा, नाहीतर पहाटे घड्याळ बंद पडून नोंद अर्धीच राहते.

पट्टा. निम्म्या तक्रारी इथे मिटतात. घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या हाडावर नको, त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला एक बोट सोडून. व्यायामाला दोन-तीन बोटं मागे आणि एक भोक आवळून. हात झटकला तर घड्याळ कातडीवर सरकता कामा नये, आणि काढल्यावर पाच-दहा मिनिटांत वळ गेला पाहिजे. रात्रभर कचकचून आवळलं तर रक्त दाबलं जातं आणि सिग्नल उलट बिघडतो, शिवाय घामाने पुरळ येतं. रोज अंघोळीनंतर मनगट आणि पट्टा कोरडा करून थोडा वेळ उघडा ठेवा.

तुमच्या ८७ ऑक्सिजनचं कारण बहुधा यातच आहे. नाडीसाठी हिरवा दिवा लागतो, कारण रक्त हिरवा उजेड चांगला शोषतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन दिवे लागतात आणि त्यांचं प्रमाण काढावं लागतं. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये उजेड बोटातून आरपार जातो. मनगटावर हाड आणि शिरा असतात आणि उजेड फक्त परतून येतो, त्यामुळे सिग्नल क्षीण. हात उशीखाली किंवा अंगाखाली दबला, थंडीत हात गार पडला, पट्टा सैल झाला, की आकडा खाली कोसळतो. म्हणून एकटा आकडा बघू नका, आलेख बघा. रात्रभर ९५-९७ आणि मध्येच एक ठिपका ८७ वर, हा जवळजवळ नेहमी दबलेल्या हाताचा असतो. करवतीच्या दात्यांसारखे खाली-वर होणारे झटके रात्री मागून रात्री दिसत असतील तर गोष्ट वेगळी: झोपेत श्वास अडकत असू शकतो, तिकडे पुढे येतो.

खात्री करायची ती बोटाच्या ऑक्सिमीटरवर. हात चोळून गरम करा, नखाला नेलपॉलिश नको, बसून एक मिनिट स्थिर आकडा येऊ द्या. ९५ च्या वर असेल तर निर्धास्त राहा. जागेपणी ९० च्या खाली वारंवार येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागत असेल तर १०८ ला फोन करा.

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त महत्त्वाची. घड्याळाचा ऑक्सिजन नीट आला म्हणून झोपेत श्वास अडकण्याचा आजार नाही असं ठरत नाही. त्यात श्वास किमान १० सेकंद थांबतो, आणि बॅटरी वाचवायला बरीच घड्याळं काही मिनिटांनी एकदाच मोजतात. झटका दोन मोजमापांच्या मध्ये निसटतो. मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी पेंग, बीपी आटोक्यात न येणं, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, यातलं दोन-तीन जुळत असेल तर आकडे बाजूला ठेवा आणि सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा खासगी छातीरोग वा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे झोपेच्या तपासणीची चौकशी करा. त्या तपासणीत तासाला श्वास किती वेळा अडकला ते मोजतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाने दिवसाची पेंग अंगावर काढू नये.

आता तालीम. जोर मारताना मनगट मागे मुडपतं, अंगाचा भार त्यावर येतो, कातडीखालच्या शिरा ताणतात आणि सेन्सरखालचं रक्त बाजूला होतं. मुद्गल किंवा गदा घट्ट धरली तरी तेच. ठोके १५० असताना घड्याळाला ९० दिसतात ते यामुळे. यावर पट्ट्याची कुठलीही करामत पुरत नाही. छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाची विद्युत लहर पकडतो. आतल्या रबरी पट्ट्या लावण्याआधी पाण्याने ओल्या करायच्या, कोरड्या असल्या की पहिली दहा मिनिटं वाया जातात. दंडावर बांधायचा उजेडाचा सेन्सरही मनगटापेक्षा बरा. बैठकांना मात्र घड्याळ बऱ्यापैकी चालतं, कारण मनगट मोकळं असतं. मातीत कुस्तीला घड्याळ घालून उतरायचा प्रश्नच नाही, वस्ताद आधी ते काढायला लावतील आणि योग्यच करतील.

तालमीची तांबडी माती, तेल, हळद आणि घाम यांचा सेन्सरच्या काचेवर एक पातळ थर बसतो. डोळ्याला तो काच जराशी धुरकट झाल्यासारखा दिसतो, घड्याळाला मात्र तो पडदाच. ओल्या मऊ कापडाने आणि साध्या सौम्य साबणाने पुसा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव लावू नका, काचेवरचा लेप जातो. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट कीट दिसली तर कोरड्या, मऊ टूथब्रशने काढा.

रंकाळ्यावरचे १७० हा वेगळा रोग आहे. पळताना हात ठरावीक ठेक्यात हलतो आणि त्या ठेक्याने सेन्सरखालचं रक्तही हिंदकळतं. घड्याळ नाडी सोडून पावलांचा ठेका पकडून बसतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात, म्हणून आकडा तिथेच अडकतो. ओळखायचं असं: थांबा आणि लगेच मानेवरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. खरी नाडी १७० असती तर थांबल्यावर ती हळूहळू उतरते. घड्याळाचा आकडा एकदम १३० वर आपटला तर तो पावलांचा होता. पळण्याआधी पाच-सात मिनिटं भरभर चालून अंग आणि हात गरम करा, विशेषतः हिवाळ्यात. हात गार असताना कातडीत रक्त कमी असतं आणि पावलांचा ठेकाच जास्त ठळक दिसतो. घड्याळातली कमाल नाडी वय वजा करून काढलेली असते, २२० वजा वय. त्यात माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, तेव्हा ‘रेड झोन’ बघून घाबरू नका.

कारखान्यात ग्राइंडिंग करताना, किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना, हादऱ्यांची पावलं जमा होतात. फिरत्या यंत्राजवळ आणि ओतकामाच्या जागी घड्याळ काढूनच ठेवा. तिथे प्रश्न पावलांचा नाही, हाताचा आहे.

आईंच्या हाताबद्दल तुम्ही लिहिलंय की मनगटावर जुनं हिरवं गोंदण आहे आणि बांगड्या असतात. गोंदणाची शाई तोच हिरवा उजेड शोषून घेते, त्यामुळे नाडी येत नाही. उलट घड्याळाला वाटतं की आपण हातावर नाहीच, म्हणून ते मध्येच मोजणं थांबवतं किंवा कुलूप लावून घेतं. दुसऱ्या हातावर, किंवा त्याच हातावर तीन-चार बोटं वर, गोंदण नसलेल्या कातडीवर बांधून बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला मोकळी जागा असेल तर तिथेही चालतं. बांगड्या घड्याळाच्या खाली, हाताच्या पंजाकडे राहू द्या. त्या घड्याळावर आदळत राहिल्या तर सेन्सर उचलला जातो. पावलांचाही घोळ होतो. भाकरी थापताना हात एका लयीत आपटतो, घड्याळ ती चाल समजतं, आणि चार माणसांच्या भाकऱ्या झाल्या की चुलीपुढे बसल्या बसल्या शेकडो पावलं जमा होतात. याउलट हातगाडी ढकलताना हात स्थिर असतो, खरी पावलं मोजलीच जात नाहीत.

आणि ते बीपी. कफ (दंडाला गुंडाळून हवा भरायचा पट्टा) नसलेलं, दीड-दोन हजारांचं घड्याळ बीपी दाखवतं तेव्हा नाडी आणि तुम्ही भरलेलं वय-वजन यावरून एक बरा दिसणारा आकडा तयार करतं. घड्याळ काढून टॉवेलच्या घट्ट गुंडाळीवर बांधा आणि मोजायचं बटण दाबा. बऱ्याच स्वस्त घड्याळांत टॉवेललाही नाडी असते, काहींत टॉवेलचं बीपी १२०/८० च्या आसपास निघतं. तुमचंही तसंच निघालं तर ते घड्याळ वेळ बघायला ठेवा. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे तीसुद्धा कफच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागते आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ कोणी विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असल्या घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

आईंसाठी दंडाला बांधायचं कफचं यंत्र घ्या. आधी दंडाचा घेर मोजा, मधला कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरला बसतो, लहान कफ बीपी जास्त दाखवतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. घरच्या मोजणीत ती १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवा. घड्याळाच्या आकड्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही.

ईसीजीवाल्या घड्याळाबद्दलही एक गैरसमज आहे. ते एकाच दिशेने हृदय बघतं, त्यातून ठोक्यांची अनियमितता सापडू शकते, हार्ट अटॅक सापडत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल आणि घड्याळ ‘सामान्य’ म्हणत असेल, तरी दवाखान्यातच जायचं.

तुमच्या घड्याळात रोज बघण्यासारखं काय, तर झोपेतली नाडी. ती दोन-तीन आठवड्यांत तुमची स्वतःची सरासरी दाखवते. रात्री उशिरा तांबडा-पांढरा रस्सा झाला, दारू झाली, ताप येणार असला किंवा तालमीत मेहनत जास्त झाली, की ती पाच-दहा ठोक्यांनी चढते. एक रात्र चढली तर सोडून द्या. चार-पाच रात्री चढलेलीच राहिली तर मेहनत कमी करा. एचआरव्हीचा (ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा) आकडा मित्राच्या घड्याळाशी ताडू नका. ॲपल एका सूत्राने काढतं, बाकी बरेच जण दुसऱ्या, आकडे जुळणारच नाहीत.

सकाळी ताजंतवानं उठून स्कोअर ५२ बघितल्यावर थकल्यासारखं वाटायला लागलं असेल, तर तो स्कोअर पडद्यावरून काढून टाका. झोपेच्या आकड्यांच्या काळजीने झोप बिघडते, हे २०१७ पासून डॉक्टरांनीही नोंदवलं आहे.

सर्व्हिस सेंटरला न्यायचंच असेल तर क्रम असा ठेवा: आधी ॲपमध्ये सगळा डेटा उतरवा, मग घड्याळ बंद-चालू, मग अपडेट, आणि अगदी शेवटी रीसेट. रीसेट आधी केला तर न उतरलेल्या रात्री पुसल्या जातात. सोबत दोन गोष्टी न्या: शांत बसून हाताने मोजलेली नाडी आणि त्याच मिनिटाचा घड्याळाचा आकडा, असे पाच-सहा जोड, आणि सेन्सरचे दिवे पेटलेले असतानाचा अंधारातला फोटो. एखादा दिवा मंद किंवा बंद असेल तर तो फोटोत दिसतो, आणि मग काउंटरवर ‘पट्टा नीट बांधा’ एवढं सांगून परत पाठवता येत नाही. इन्फ्रारेड दिवा डोळ्याला दिसत नाही, तो काळा दिसला म्हणून भांडू नका.